गावात जनसुनावणी लागली? निर्णय कोण घेतं आणि हरकत कुठे टिकते, समजून घ्या

ग्रामपंचायतीच्या फलकावर एक कागद लागतो. ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’ असा मथळा, खाली कंपनीचे नाव, प्रकल्पाची जागा, तारीख आणि वेळ. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढतो, तो गावच्या ग्रुपवर फिरतो आणि पारावर चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, “सगळं आधीच ठरलेलं असतं, जाऊन काय उपयोग?” दुसरा म्हणतो, “अख्ख्या गावाने हात वर करून नाही म्हटलं की प्रकल्प रद्द.”

हे दोन्ही समज चुकीचे आहेत. जनसुनावणीत मतदान होत नाही, त्यामुळे हात वर करून प्रकल्प थांबत नाही. पण त्या दिवशी नोंदवलेली हरकत पुढे मुंबईतल्या समितीसमोर आणि गरज पडल्यास हरित न्यायाधिकरणासमोर जाते. जी हरकत कागदावर नाही, ती पुढे कुठेच नसते. दगडखाण असो, डिस्टिलरी असो की साखर कारखान्याची वाढ, नियम साधारण हेच आहेत.

ही परवानगी नेमकी कसली?

मोठा प्रकल्प उभा राहण्याआधी त्याला ‘पूर्व पर्यावरण मंजुरी’ घ्यावी लागते. त्याचा आधार म्हणजे केंद्र सरकारचा पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ आणि त्याखाली १४ सप्टेंबर २००६ रोजी निघालेली पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना. लोक तिला ‘ईआयए नोटिफिकेशन’ म्हणतात. तिच्यात नंतर अनेक दुरुस्त्या झाल्या, पण मूळ चौकट तीच आहे.

ही मंजुरी आणि इतर परवानग्या वेगवेगळ्या आहेत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला वेगळा, खाणपट्ट्याचा आदेश वेगळा, वनजमिनीची परवानगी वेगळी. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्रही वेगळे. ते पाणी कायदा, १९७४ आणि हवा कायदा, १९८१ खाली मिळते. “ग्रामपंचायतीने एनओसी दिली, आता काय राहिलं?” असे ऐकायला मिळते. त्या एनओसीने पर्यावरण मंजुरीचा प्रश्न मिटत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पर्यावरण मंजुरी मिळाली म्हणून बाकीच्या परवानग्या आपोआप मिळत नाहीत.

कोणती फाईल दिल्लीला, कोणती मुंबईला?

अधिसूचनेच्या यादीत प्रकल्पांचे आकारानुसार दोन गट आहेत.

‘ए’ गट: मोठे प्रकल्प. निर्णय केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाकडे. विमानतळ, अणुऊर्जा प्रकल्प, मोठी बंदरे, मोठी औष्णिक केंद्रे यात येतात.

‘बी’ गट: तुलनेने लहान प्रकल्प. निर्णय राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडे. दररोज ५००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारा साखर कारखाना ‘बी’ गटात येतो.

‘बी’ गटाचे पुन्हा दोन भाग पडतात. ‘बी-१’ प्रकल्पाला पूर्ण आघात मूल्यांकन अहवाल करावा लागतो आणि साधारणपणे जनसुनावणी होते. ‘बी-२’ला जनसुनावणी लागत नाही. म्हणून गावाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा की प्रकल्प कोणत्या गटात दाखवला आहे?

दगडखाणींच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही मंजुरी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात तसा आदेश दिला, त्यानंतर हा नियम पक्का झाला. पण एकटा लहान पट्टा ‘बी-२’त बसतो आणि सुनावणी टळते. एकाच डोंगराला लहान-लहान पट्टे शेजारी-शेजारी असतील तर काय? त्यावर १५ जानेवारी २०१६च्या दुरुस्तीत उत्तर आहे. एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या हद्दींमधले अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते मिळून एक ‘समूह’ धरायचा. समूहाचे एकूण क्षेत्र ५ हेक्टरच्या वर गेले की अहवाल आणि जनसुनावणी, दोन्ही लागते. त्यामुळे गट नंबर आणि नकाशा घेऊन शेजारच्या खाणींचे अंतर मोजणे हे गावाचे पहिले काम.

काही प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने, इमारत बांधकाम, सिंचन प्रकल्पांचे आधुनिकीकरण आणि संरक्षणविषयक प्रकल्प त्यात येतात.

आणखी एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, अतिप्रदूषित म्हणून जाहीर झालेला भाग किंवा राज्याची हद्द ५ किलोमीटरच्या आत असेल तर यादीतल्या अनेक प्रकारांत ‘बी’ गटाचा प्रकल्प ‘ए’ गटात धरला जातो. अर्जात हे अंतर किती दाखवले आहे, ते तपासून पाहावे.

चार टप्पे

१. छाननी: ‘बी’ गटाच्या प्रकल्पाला अहवाल लागतो की नाही, म्हणजे तो ‘बी-१’ की ‘बी-२’, हे ठरते.

२. अभ्यासाची व्याप्ती: अहवालात काय-काय तपासायचे याची यादी तज्ज्ञ समिती ठरवते. तिला ‘टीओआर’ म्हणतात.

३. लोकांशी विचारविनिमय: जनसुनावणी आणि लेखी हरकती.

४. मूल्यमापन: तज्ज्ञ समिती अंतिम अहवाल आणि हरकती पाहून शिफारस करते, त्यावर प्राधिकरण निर्णय देते.

गावाला यातला फक्त तिसरा टप्पा दिसतो. बाकीचे तीन कागदावर आणि बैठकांत होतात. मात्र अर्ज, टीओआर, अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर टाकली जातात आणि मोबाईलवरही पाहता येतात. अर्जदाराचे, जिल्ह्याचे किंवा प्रस्तावाच्या क्रमांकाचे टिपण हाताशी असले की शोधणे सोपे जाते.

अहवाल कोण लिहितो?

आघात मूल्यांकन अहवाल सरकार करत नाही. प्रकल्प आणणारी कंपनी मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेकडून तो करून घेते आणि पैसेही तीच देते. हे नियमाला धरूनच आहे. म्हणूनच अहवालातले गावाचे वर्णन गावाने तपासणे महत्त्वाचे ठरते.

हवा, पाणी, माती, आवाज यांची मोजमापे साधारणपणे एका हंगामाची, पावसाळा सोडून घेतलेली असतात. अभ्यासाचे क्षेत्र बहुतेक वेळा प्रकल्पाभोवती १० किलोमीटरचे असते. त्यात ओढे, विहिरी, शाळा, वस्त्या, पिके, जंगल या सगळ्याची नोंद हवी. प्रत्यक्षात पावसाळी ओढा नकाशावर नसणे, बागायती शेत पडीक दाखवणे, वाडी-वस्ती गायब असणे, दुसऱ्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाचा मजकूर तसाच उतरलेला असणे, अशा चुका सापडू शकतात. अशी प्रत्येक चूक म्हणजे एक हरकत.

या चुकांना वजन का आहे? निर्णयासाठी महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवली किंवा खोटी अथवा दिशाभूल करणारी माहिती दिली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते. अर्जदाराचे म्हणणे ऐकून तसा निर्णय घेण्याची तरतूद अधिसूचनेतच आहे.

सुनावणीचे नियम, जे मोडले तर बोलता येतं

जनसुनावणी घेण्याची जबाबदारी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाखाली नसलेला प्रतिनिधी असावा लागतो. कंपनीचा माणूस सुनावणी चालवू शकत नाही.

• नोटीस: किमान ३० दिवस आधी. एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात जाहिरात हवी.

• जागा: प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा त्याच्या अगदी जवळ. प्रकल्प दोन जिल्ह्यांत असेल तर दोन्हीकडे स्वतंत्र सुनावणी.

• कागदपत्रे: अहवालाचा मसुदा आणि सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित पंचायत अशा ठिकाणी पाहायला ठेवावा लागतो. सारांश मराठीत हवाच. पूर्ण अहवाल मात्र इंग्रजीत असू शकतो.

• तारीख बदलणे: अचानक उद्भवलेल्या गंभीर परिस्थितीतच, तेही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीने. बदललेली तारीख पुन्हा त्याच वर्तमानपत्रांत द्यावी लागते.

• बोलण्याचा हक्क: हजर असलेल्या प्रत्येकाला माहिती किंवा खुलासा मागण्याची संधी द्यावी लागते.

• चित्रीकरण: पूर्ण कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण होते आणि ते कागदपत्रांसोबत पुढे जाते.

• इतिवृत्त: लोकांनी मांडलेल्या मुद्द्यांची नोंद शेवटी मराठीत वाचून दाखवावी लागते. त्यावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी होते.

२०२० मध्ये केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला होता, त्यात नोटिशीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. देशभरातून त्यावर मोठ्या संख्येने हरकती गेल्या. तो मसुदा अंतिम झाला नाही. त्यामुळे “आता वीसच दिवस लागतात” असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

भाषेचा मुद्दा किती टोकाला जातो हे कोकणाने पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली. अहवाल मराठीत वेळेवर मिळाला नाही, ही तिथल्या गावकऱ्यांची मोठी तक्रार होती. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला केंद्राने ३५ अटींसह मंजुरी जाहीर केली. म्हणून नोटीस लागल्याच्या आठवड्यातच ग्रामपंचायतीत जाऊन मराठी सारांश आला आहे का, हे बघावे. आला नसेल तर तसे पत्र प्रदूषण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देऊन बारनिशीतून पोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी तोंडी सांगण्यापेक्षा तारखेची पोच हजारपट कामाला येते.

हजेरीवर सही करायची की नाही?

मांडवाच्या दारात रजिस्टर ठेवलेले असते. “सही केली की संमती धरतात” या भीतीने बरेच जण सही न करता आत जातात किंवा परत फिरतात. नियमात हजेरीची नोंद फक्त कोण उपस्थित होते हे दाखवण्यासाठी आहे. ती संमती होत नाही. सुनावणीला गणपूर्तीची अटही नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी ‘झाली’ असेच धरले जाते. म्हणजे बहिष्कार टाकला तर कागदावर एवढेच उरते की सुनावणी झाली आणि हरकती आल्या नाहीत.

तरी शंका असेल तर सहीसमोर ‘हरकत नोंदवण्यासाठी उपस्थित’ एवढे लिहावे. कोरा कागद, वेगळा ठराव किंवा ‘पाठिंबा पत्र’ पुढे केले तर मात्र वाचल्याशिवाय सही करू नये. तो सुनावणीच्या हजेरीचा भाग नसतो.

सुनावणी उधळली तर?

राग समजण्यासारखा असतो. जमीन, पाणी आणि पोटाचा प्रश्न असतो. पण माईक हिसकावला, खुर्च्या फेकल्या आणि सुनावणी बंद पडली, तर फायदा कोणाचा होतो हे बघायला हवे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने मत मांडता येईल अशी सुनावणी घेणे शक्य नाही, असा अहवाल सुनावणी घेणाऱ्या यंत्रणेने दिला तर मंजुरी देणारे प्राधिकरण त्याचा विचार करून जनसुनावणीशिवायच पुढे जाण्याचा निर्णय घेऊ शकते. अधिसूचनेत तशी तरतूद आहे. एका गोंधळाने गावाची बोलण्याची एकमेव जागा जाऊ शकते.

हरकत कशी लिहावी?

‘आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे’ या वाक्याला समितीसमोर उत्तर द्यायची कोणाला गरज पडत नाही. ‘पाणी खराब होईल’ या वाक्यावर ‘आवश्यक ती काळजी घेतली जाईल’ एवढे लिहून कंपनी मोकळी होते. नेमका मुद्दा आला की नेमके उत्तर द्यावे लागते.

समजा, खाणीच्या खालच्या अंगाला गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आहे. तर हरकत अशी असावी: विहिरीचा गट नंबर, खाणीच्या हद्दीपासून अंतर, विहिरीची खोली, मे महिन्यात पाणी किती खाली जाते, किती घरे त्यावर अवलंबून आहेत, अहवालाच्या कोणत्या पानावर ही विहीर यायला हवी होती आणि आलेली नाही. सोबत तारखेसह फोटो, पाणीपुरवठ्याच्या नोंदी, सातबारा. शेवटी प्रश्न: सुरुंगाच्या हादऱ्याने विहिरीचे झरे सरकले तर जबाबदारी कोणाची, पर्यायी पाणी कुठून, किती दिवसांत?

डिस्टिलरी असेल तर स्पेंटवॉश कुठे साठवणार, पावसाळ्यात टाकी भरली तर काय, पाणी कोणत्या नदीतून किंवा कॅनॉलमधून घेणार आणि उन्हाळ्यात शेतीच्या पाळीवर त्याचा काय परिणाम, हे विचारावे. खडीची वाहतूक गावातून जाणार असेल तर दिवसाला किती गाड्या, रस्त्याची रुंदी किती, शाळा किती अंतरावर, हे आकड्यांत मागावे.

पाठिंबा असणाऱ्यांनाही हेच लागू आहे. “आमच्या पोरांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत” ही मागणी असेल तर किती जागा, कोणत्या कामाच्या, कायम की ठेकेदारी, हे विचारून उत्तर नोंदवून घ्यावे. सुनावणीत दिलेल्या आश्वासनांचा विचार करून समितीने मंजुरीत नेमक्या आणि मोजता येतील अशा अटी घालाव्यात, अशी केंद्राची ३० सप्टेंबर २०२०ची सूचना आहे. मांडवात दिलेला शब्द इतिवृत्तात आला तरच त्याची अट होऊ शकते.

सुनावणीला जाता येत नसेल तरी लेखी हरकत प्रदूषण मंडळाकडे पाठवता येते. पत्ता आणि ई-मेल जाहिरातीत असतो. सुनावणी मुख्यतः स्थानिक बाधितांसाठी असली, तरी प्रकल्पाशी रास्त संबंध असलेल्या बाहेरच्या लोकांनाही लेखी म्हणणे देता येते.

आणि शेवटी, इतिवृत्त वाचून होईपर्यंत मांडव सोडू नये. आपला मुद्दा आला नसेल तर तिथेच उभे राहून “हा मुद्दा घ्या” असे म्हणावे. ते चित्रीकरणात येते. नंतर हे कामकाज पंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळाकडे प्रदर्शित करावे लागते. त्यावरही कोणाला म्हणणे मांडायचे असेल तर ते थेट प्राधिकरणाकडे पाठवता येते.

मुंबईत पुढे काय होतं?

सुनावणी संपल्यावर ८ दिवसांत मंडळाने कामकाज प्राधिकरणाकडे पाठवायचे असते. अर्जदार हरकतींना उत्तरे देऊन अंतिम अहवाल तयार करतो. ‘बी’ गटाची फाईल मग राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीसमोर येते. तिथे अर्जदार आणि त्याचा सल्लागार खुलासे देतात. गावकऱ्यांना त्या बैठकीत बोलावण्याची सोय अधिसूचनेत नाही. गावाच्या वतीने तिथे फक्त कागद बोलतो.

समितीने ६० दिवसांत मूल्यमापन करून कारणांसह स्पष्ट शिफारस द्यायची असते: अटींसह मंजुरी द्या किंवा अर्ज फेटाळा. त्यानंतर ४५ दिवसांत प्राधिकरण निर्णय घेते. हे प्राधिकरण तीन जणांचे असते. नावे राज्य सरकार सुचवते, नेमणुकीची अधिसूचना केंद्र सरकार काढते आणि मुदत तीन वर्षांची असते. सदस्य सचिव हा राज्य सरकारचा सेवेतील अधिकारी असतो. साधारणपणे प्राधिकरण समितीची शिफारस मानते. पटली नाही तर कारणे देऊन फेरविचारासाठी परत पाठवते. प्राधिकरण किंवा समिती अस्तित्वातच नसेल, तर ‘बी’ गटाच्या फाईलीही केंद्राकडे जातात.

यंत्रणेवर वेगाचा दबावही असतो. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राज्य प्राधिकरणांना मंजुरीच्या वेगासारख्या निकषांवर गुण देणारी पद्धत जाहीर केली आणि त्यावर बरीच टीका झाली. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर हा ‘ए’ गटाचा प्रकल्प. त्याची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि फेब्रुवारीतच पर्यावरण मंजुरी मिळाली. सुनावणी झाल्यावर कागद गोळा करू म्हटले तर वेळ उरत नाही, एवढे यातून समजून घ्यावे.

कोर्टात काय टिकलं?

दक्षिण गोव्यातल्या एका लोहखनिज खाणीच्या मंजुरीविरुद्ध उत्कर्ष मंडळ ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. २६ नोव्हेंबर २००९च्या निकालात न्यायालयाने सांगितले की सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केला पाहिजे आणि त्या का स्वीकारल्या किंवा का फेटाळल्या याची कारणे दिली पाहिजेत. अहवालाचा सारांश लोकांना किमान ३० दिवस आधी मिळालाच पाहिजे, हेही स्पष्ट केले. “ऐकून घेतलं आणि सोडून दिलं” हे कायद्यात बसत नाही, ते या निकालामुळे.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गाला लागूनच असलेल्या पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचे. त्याला २८ ऑक्टोबर २०१५ रोजी मंजुरी मिळाली होती. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित ठेवली. परिसरातील पर्यावरणाची महत्त्वाची माहिती अर्जात नीट उघड केली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने पुरेसा विचार केला नव्हता, हे त्यामागचे कारण. समितीने पुन्हा तपासणी करून जादा अटी घातल्या. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अटींच्या पालनावर देखरेखीचे काम ‘नीरी’ या संस्थेकडे दिले. २०२३च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली.

म्हणजे प्रकल्प थांबला का? नाही. पण जवळपास दहा महिने मंजुरी स्थगित राहिली, फेरतपासणी झाली आणि अटी वाढल्या. कोर्टाची लढाई बहुतेक वेळा अशीच जाते. प्रकल्प हवा की नको यापेक्षा प्रक्रिया नीट झाली का, माहिती खरी होती का, हरकतींना उत्तर दिले का, यावर ती लढली जाते. तिन्ही प्रश्नांचा पुरावा गावातच तयार होतो.

मंजुरी मिळाली, आता तीस दिवस

मंजुरीची जाहिरात कंपनीने स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची असते आणि प्रत ग्रामपंचायतीला पाठवायची असते. ग्रामपंचायतीने ती मिळाल्यापासून ३० दिवस फलकावर लावायची. हा कागद कपाटात ठेवला गेला तर गावाचा हक्क कपाटातच संपतो, कारण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करायला मंजुरी जाहीर झाल्यापासून ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. ९० दिवसांनंतर अपील घेतले जात नाही. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईची मागणी नसलेल्या अपिलाची फी एक हजार रुपये आहे. कागद मात्र इंग्रजीत लागतात, त्यामुळे वकिलाची किंवा विधी सेवा प्राधिकरणाची मदत घेणे बरे.

अपील केले नाही तरी दुसरे काम उरतेच: अटींवर लक्ष. कंपनीने अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक कागद आहे. ‘रस्त्यावर दिवसातून दोन वेळा पाणी मारणार’ असे त्यात लिहिले असेल आणि गाव धुळीत असेल, तर तारखेचे फोटो आणि तो अहवाल शेजारी ठेवून प्रदूषण मंडळाकडे आणि मंत्रालयाच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार करता येते. कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

ग्रामसभेचं काय?

ग्रामसभेचा ठराव पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत निर्णायक नसतो. तरी तो हरकतीसोबत जोडल्यास वजन येते. पण पेसा लागू असलेल्या गावांत चित्र वेगळे आहे. तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६च्या पेसा कायद्यानुसार बंधनकारक आहे. वनजमिनीवर सामूहिक किंवा वैयक्तिक हक्क असतील तर वनहक्क कायदा, २००६ लागू होतो. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरील बॉक्साईट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. ती खाण झाली नाही. मात्र तो निकाल वनहक्क कायद्याखालचा होता. जनसुनावणीत तसा अधिकार नाही, हा फरक गावाने लक्षात ठेवावा.

फोनमध्ये जपून ठेवा

• नोटीस ते सुनावणी: किमान ३० दिवस
• सुनावणीनंतर कामकाज पुढे पाठवणे: ८ दिवस
• तज्ज्ञ समिती: ६० दिवस, त्यानंतर प्राधिकरण: ४५ दिवस
• मंजुरीनंतर अपील: ३० दिवस, सबळ कारण असल्यास जास्तीत जास्त ९०
• अटींचा सहामाही अहवाल: १ जून आणि १ डिसेंबर

नोटीस लागली की त्याच दिवशी तिचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. पुढचे सगळे दिवस तिथून मोजले जातात.